डिस्प्ले सर्व्हर

डिस्प्ले सर्व्हर : संगणकाच्या दृश्यपटावर एकाच वेळी चालणाऱ्या अनेक आज्ञावलींना चित्रे व मजकूर उमटविण्यासाठी जागा वाटून देणारी, तसेच कळफलक व माउस यांवरून येणारे संदेश योग्य त्या आज्ञावलीकडे पोहोचविणारी मध्यस्थ आज्ञावली. मराठीत तिला ‘दृश्यपट सेवक’ म्हणता येईल. एका प्रकारच्या प्रणालीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या प्रकारच्या प्रणालीवर चालावी, म्हणून दोहोंच्या मध्ये जो दुभाषी बसविला जातो त्याला सुसंगती स्तर म्हणतात. लिनक्ससारख्या मुक्त स्रोत प्रणालींच्या इतिहासात या दोन कल्पना एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मराठी वाचकाला त्यांचे महत्त्व विशेष आहे, कारण देवनागरी मजकूर पडद्यावर शुद्ध उमटतो की मोडका, हे बराच काळ याच थरांवर अवलंबून होते, आणि या प्रश्नावरील एक उल्लेखनीय प्रयत्न मुंबईत झाला.

विंडोज किंवा मॅक यांसारख्या व्यापारी प्रणालींत पडदा सांभाळणारा भाग मूळ प्रणालीशी इतका एकजीव असतो, की सामान्य वापरणाऱ्यास त्याचे वेगळे अस्तित्व जाणवत नाही. लिनक्समध्ये मात्र गाभा, डिस्प्ले सर्व्हर, खिडक्यांची मांडणी करणारा व्यवस्थापक, बटणे व याद्या पुरविणारे साहित्यसंच आणि अक्षरे जुळविणारे यंत्र हे सर्व निरनिराळ्या गटांनी लिहिलेले, सुटे व बदलता येण्याजोगे भाग असतात. यामुळे दुरुस्तीचे स्वातंत्र्य मिळते. पण दोष नेमका कोणाचा, हा वादही याच रचनेतून जन्मतो.

पडद्यावर चित्र काढण्याचा प्रश्न मुंबईला नवा नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. सुमारे २,७०० निर्वात नलिका आणि ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावतील एवढी स्मृती असलेल्या या यंत्राला ऋण किरण नलिकेचा दृश्यपट जोडलेला होता, आणि त्यावर आलेख तसेच अक्षरे व अंक दाखविता येत असत. पुढे कुलाब्याच्या याच संस्थेत सॉफ्टवेअर विकासासाठी एक राष्ट्रीय केंद्र निघाले. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या या केंद्रातून १९८५ च्या सुमारास ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही स्वायत्त संस्था झाली. ती नंतर जुहूला गेली व २००३ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये, विलीन झाली. देवनागरीच्या संदर्भात या संस्थेचा उल्लेख पुढे येईल.

एक्स विंडो प्रणाली : मुक्त प्रणालींवर तीन दशकांहून अधिक काळ जिचे राज्य चालले ती ही प्रणाली १९८४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत, ‘प्रोजेक्ट अथेना’ या उपक्रमात निर्माण झाली. बॉब शायफ्लर व जिम गेटिस हे तिचे मूळ कर्ते होत. त्याआधीच्या ‘डब्ल्यू’ नावाच्या प्रणालीवरून ती बेतलेली असल्याने वर्णमालेतील पुढचे अक्षर तिला नाव म्हणून मिळाले. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती निघाली आणि आश्चर्य म्हणजे नंतर बारावी निघालीच नाही. जे काही बदल झाले ते सर्व पुरवण्या जोडून करण्यात आले. व्यक्तिगत संगणकांवर तिचा प्रसार ‘एक्सफ्री८६’ या मुक्त आवृत्तीने केला. २००४ मध्ये त्या आवृत्तीच्या परवान्यात बदल झाल्याने मतभेद झाले व बहुतेक विकासकांनी ‘एक्स.ऑर्ग’ या शाखेचा आश्रय घेतला.

या प्रणालीत ‘सर्व्हर’ हा शब्द नवशिक्याला उलटा वाटतो. आपल्या टेबलावरचा, पडदा व कळफलक जोडलेला संगणक येथे सर्व्हर असतो, आणि दूरच्या मोठ्या यंत्रावर चालणारी आज्ञावली त्याची ग्राहक असते. ‘येथे रेषा ओढ’, ‘येथे हा मजकूर लिही’ अशा लहान विनंत्या ग्राहक पाठवितो. प्रत्यक्ष रेखाटन सर्व्हर करतो. महागडा संगणक एकच आणि त्याला जोडलेले पडदे अनेक, अशा काळात ही वाटणी अत्यंत सोयीची होती. विनंत्या जाळ्यावरून जाऊ शकत असल्याने एका इमारतीतील आज्ञावलीची खिडकी दुसऱ्या इमारतीत उघडता येत असे.

देवनागरीची अडचण : या वाटणीत अक्षरांचे ठसेही सर्व्हरकडेच असत. ग्राहकाने संकेतांकांची मालिका पाठवावयाची आणि सर्व्हरने प्रत्येक अंकासाठी एक ठसा काढून ते डावीकडून उजवीकडे एकापुढे एक ठेवावयाचे, असा साधा नियम होता. रोमन लिपीला तो पुरतो. देवनागरीला पुरत नाही. लालबाग-परळच्या कार्यशाळांवरील पाट्यांवर दिसणारा ‘मूर्तिकार’ हा शब्द घ्यावा. संगणकाच्या स्मृतीत तो म, दीर्घ ऊकार, र, हलन्त, त, ऱ्हस्व इकार, क, काना, र अशा नऊ संकेतांत, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने साठविलेला असतो. कागदावर मात्र ऱ्हस्व इकार ‘त’ च्या आधी लिहावा लागतो, ‘र’ व हलन्त मिळून झालेला रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो आणि ऊकार ‘म’ च्या पायाशी बसतो. एक संकेत म्हणजे एक ठसा हे समीकरण येथे मोडते. साध्या नियमाने काढलेल्या शब्दात ‘र’ पाय मोडून उभा राहतो व इकार चुकीच्या अक्षराला चिकटतो किंवा एकटाच लोंबकळतो. नव्या लोकांना हा दोष फाँटाचा वाटे. वस्तुतः तो जुळणीचा होता.

छापखान्यात हे काम जुळारी करीत असे. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव आणले, त्यामागे कोरीव कामाइतकेच जुळाऱ्याचे ज्ञानही होते. कोणते जोडाक्षर एकसंध खिळ्यात घ्यावयाचे, कोठे अर्धे अक्षर व पूर्ण अक्षर शेजारी बसवावयाचे, मात्रा व रफार कोठे लावावयाचे, हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. देवनागरी जुळणीला लागणाऱ्या खिळ्यांची संख्या रोमनच्या कितीतरी पट असल्याने टंकलेखन यंत्र व पंक्तिजुळणी यंत्र यांसाठी लिपीच छाटण्याच्या सूचना वेळोवेळी झाल्या. बापूराव नाईक यांच्या, राज्याच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देवनागरी मुद्रणाक्षरांवरील बृहद्ग्रंथात हा सर्व इतिहास आला आहे. संगणकाने लिपी छाटण्याची गरज संपविली. परंतु जुळाऱ्याची जागा कोणत्या थराने घ्यावयाची, हा प्रश्न उभा केला.

पहिले उत्तर यंत्रसामग्रीच्या पातळीवर आले. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत सुरू झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र एका पत्त्याच्या, म्हणजे कार्डाच्या, स्वरूपात संगणकात बसविले जाई. डॉसवर चालणाऱ्या, मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलीला काही कळू न देता हे कार्ड पडद्यावर भारतीय लिपी उमटवी. आजच्या परिभाषेत तो सुसंगती स्तरच होता. फक्त तो तांबे व सिलिकॉन यांचा होता. दुसरे उत्तर मुद्रणव्यवसायाने शोधले आणि ते अधिक पसरले. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे कोंबलेले फाँट तयार करण्यात आले. संगणक स्वतः ते इंग्रजीच समजे. गिरगाव, दादर, लालबाग येथील छपाईवाल्यांकडे गणेशोत्सवाची निमंत्रणे, मंडळांचे अहवाल व लग्नपत्रिका वर्षानुवर्षे याच रीतीने जुळविण्यात आल्या. छापील प्रत देखणी येई. पण तीच धारिका दुसऱ्या फाँटाखाली उघडली, की अर्थहीन चिन्हांचा ढीग दिसे. प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी असल्याने शोध घेणे, अनुक्रम लावणे किंवा मजकूर दुसरीकडे नेणे अशक्यप्राय झाले. सोयीसाठी घेतलेल्या या आडवाटेची किंमत मराठी ग्रंथव्यवहार आजही मोजत आहे.

इंडिक्स : भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या, मसुद्यावरून घेतली. त्यानंतर संकेत एक व रूपे अनेक, ही विभागणी सर्वमान्य झाली. रूपांचे नियम फाँटाच्याच पोटात ठेवण्याची सोय ‘ओपनटाईप’ पद्धतीने केली. या पार्श्वभूमीवर मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘इंडिक्स’ हा प्रकल्प हाती घेतला. लिनक्सवर भारतीय भाषांची सोय एकेका आज्ञावलीत न करता थेट एक्स विंडो प्रणालीच्या पातळीवर करावयाची, ही त्यामागील मूळ कल्पना. युनिकोड मजकूर, ओपनटाईप फाँट व इन्स्क्रिप्ट कळफलक यांची जाण त्या पातळीवर आली, की वरच्या सर्व आज्ञावलींना देवनागरी आपोआप मिळेल, अशी अपेक्षा होती. जिस्ट कार्डामागचाच हा विचार होता. येथे मात्र तो मुक्त स्रोतात व प्रणालीच्या अंतरंगात उतरविण्यात आला.

प्रकल्पाला योग्य फाँट हवा होता, आणि तो देणारा माणूस संस्थेतच होता. सुलेखनकार, मराठी कवी व अक्षर-अभिकल्पक र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे जाहिरात व्यवसाय व पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील अध्यापन यांनंतर या केंद्रात आले होते. विंडोज २००० बरोबर जगभर पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांच्या हातचा. मुक्त परवान्याखाली दिलेला ‘रघु’ हाही त्यांचाच. व्यापारी व मुक्त अशा दोन्ही प्रवाहांतील आरंभीची देवनागरी एकाच मुंबईकर अक्षरकाराने रेखाटलेली असावी, ही गोष्ट पुरेशी नोंदली गेलेली नाही. मुक्त फाँटांच्या या परंपरेत पुढे मुंबईच्या ‘इंडिकट्रान्स’ गटाचा ‘गार्गी’, रेड हॅट कंपनीने उपलब्ध करून दिलेला ‘लोहित’ व मुंबईच्याच ‘एक टाईप’ या गटाचा ‘मुक्त’ यांची भर पडली.

इंडिक्सची कल्पना तर्कशुद्ध असली, तरी काळ तिच्या बाजूने नव्हता. याच सुमारास एक्सच्या जगात अक्षरे सर्व्हरने काढण्याची प्रथाच मागे पडत होती. कीथ पॅकार्ड यांनी २००० च्या सुमारास रचलेल्या ‘रेंडर’ या पुरवणीमुळे ग्राहक आज्ञावली स्वतःच ठसे तयार करून सर्व्हरकडे सोपवू लागल्या. कडा गुळगुळीत असलेली अक्षरे त्यामुळे शक्य झाली. जुळणीचे काम ‘पँगो’सारख्या ग्रंथालयांकडे गेले, मार्च २००२ मध्ये निघालेल्या ‘जीटीके’ साहित्यसंचाच्या दुसऱ्या आवृत्तीत पँगो अंगभूत होते. ‘क्यूटी’ या दुसऱ्या प्रमुख संचाचे जुळणीयंत्र वेगळे, ओपनऑफिसचे त्याहून वेगळे. परिणामी काही वर्षे असा चमत्कारिक अनुभव येत असे, की एकाच पडद्यावर एका खिडकीत ‘मूर्तिकार’ शुद्ध दिसे व शेजारच्या खिडकीत मोडका. सर्व्हरच्या पातळीवर एकच जुळारी असता तर हे टळले असते, असे इंडिक्सच्या बाजूने म्हणता येते. उलट पक्षी, सर्व्हरमध्ये झालेली चूक सुधारण्यासाठी संपूर्ण प्रणाली बदलावी लागली असती, आणि ओळ कोठे तोडावयाची, कर्सर कोठे ठेवावयाचा यासाठी अक्षरांची रुंदी आज्ञावलीला अगोदरच ठाऊक असणे भाग असते. हा दुसरा मुद्दा अधिक वजनदार ठरला.

एकच जुळारी अखेरीस मिळाला, पण ग्राहकाच्या बाजूला. ‘हार्फबझ’ हे बेहदाद एस्फाबोद यांनी नव्याने लिहिलेले जुळणीयंत्र २०१२ पासून पँगोने स्वीकारले. क्यूटी, फायरफॉक्स, क्रोम व अँड्रॉइड यांतही ते रुजले. लिबरऑफिसने २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर तेच वापरले. त्याचे नाव फार्सी आहे व त्याचा अर्थ ‘खुले अक्षर’ असा होतो. जुळणीचे नियम एका ठिकाणी आल्याने मराठीची खास गरजही एकदाच सांगून भागू लागली. हिंदी वळणापेक्षा वेगळे असणारे ‘ल’ व ‘श’ यांचे मराठी घाट ओपनटाईप फाँटात भाषेच्या खुणेनुसार निवडता येतात. मात्र आज्ञावलीने मजकूर मराठी असल्याचे सांगितले पाहिजे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे दोन डोंगरांमधील खोलगट जागा; हा भेद दाखविणारा अर्धा र दोन मार्गांनी लिहिता येतो : एक, ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताला हलन्त जोडून; दोन, साध्या ‘र’ ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य सांधा जोडून. दोन्ही दिसावयास सारखे, पण संगणकाच्या लेखी भिन्न. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला ‘कऱ्हाड’ दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडत नाही. हे दुखणे कोणत्याही डिस्प्ले सर्व्हरला बरे करता येण्याजोगे नाही.

वेलँड : ग्राहकच सर्व काही रेखाटू लागल्यावर एक्स सर्व्हरकडे फारसे काम उरले नाही, तो निरोप्या झाला. पडद्याचे विभेदन ठरविण्यासारखी कामेही २००९ पासून लिनक्सच्या गाभ्यात गेली. हे ओळखून क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँड या नव्या संदेशनियमांची आखणी सुरू केली, त्यांची १.० आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये आली. येथे ग्राहक आपल्या खिडकीचे पूर्ण चित्र स्मृतीच्या एका भागात तयार करतो व तो भाग ‘कंपोझिटर’ला दाखवितो. कंपोझिटर सर्व खिडक्यांची चित्रे एकावर एक रचून पडद्यावर पाठवितो. सर्व्हर, खिडक्यांचा व्यवस्थापक व संयोजक हे तिघे अशा रीतीने एक झाले. रेषा ओढण्याची किंवा अक्षर लिहिण्याची विनंती या नियमांत मुळी नाहीच. अर्थात अक्षरजुळणी सर्व्हरमध्ये करण्याचा मार्ग येथे तत्त्वतःच बंद झाला.

सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. एक्समध्ये कोणतीही आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीत दाबलेल्या कळा व तिच्या खिडकीतील चित्र पाहू शकत असे. वेलँडने ही मुभा काढून घेतली. साहजिकच पडदा दुसऱ्यास दाखविणे, पडद्याचे चित्र टिपणे, दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखविणे अशा कामांना नवे, परवानगी मागणारे मार्ग शोधावे लागले, व त्यांत काही वर्षे गेली. फेडोरा वितरणाने २०१६ मध्ये वेलँड हा मूळ पर्याय केला. ग्नोमच्या २०२५ मधील ४९ व्या आवृत्तीत एक्सवरील सत्र मुळातच बंद ठेवण्यात आले.

मराठी लेखनाचा खरा गुंता वेलँडमध्ये दर्शनात नसून टंकनात होता. एक्सच्या कळफलक-तक्त्यात एका कळेला एकच चिन्ह देता येते. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘श्र’ यांना स्वतंत्र कळा असून त्यांतील प्रत्येक तीन संकेतांचा बनलेला आहे. ध्वन्यनुसारी टंकनात तर रोमन अक्षरांचा समूह वाचून मराठी अक्षर ठरवावे लागते. म्हणून ‘आयबस’ किंवा ‘एफसीआयटीएक्स’ यांसारखी टंकनपद्धती कळफलक व आज्ञावली यांच्या मध्ये बसते. वेलँडमध्ये कळांचे संदेश प्रथम कंपोझिटरकडे येत असल्याने टंकनपद्धती, कंपोझिटर व साहित्यसंच या तिघांनी एकच बोली बोलावी लागते. ती जेथे जुळत नाही तेथे इंग्रजी व्यवस्थित टंकित होते, मराठी मात्र उमटत नाही. आणि इंग्रजीतच काम करणाऱ्या विकासकाच्या ते लक्षातही येत नाही.

सुसंगती स्तर : जुन्या आज्ञावली नव्या प्रणालीवर चालविण्यासाठी वेलँडबरोबर ‘एक्सवेलँड’ येतो. हा स्वतः एक पूर्ण एक्स सर्व्हर असून वेलँडच्या दृष्टीने तो केवळ एक ग्राहक असतो. जुन्या आज्ञावलीला मात्र आपण नेहमीच्याच सर्व्हरशी बोलत आहोत असे वाटते. दाट बिंदूंच्या पडद्यावर अशा खिडकीचे चित्र कधीकधी लहान काढून मग मोठे केले जाते. तेव्हा देवनागरीची शिरोरेषा रोमन अक्षरांहून आधी पुसट दिसू लागते.

त्रिमितीय चित्रणासाठी ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये आरंभिलेले ‘मेसा’ हे ग्रंथालय ओपनजीएल या आज्ञासंचाची मुक्त अंमलबजावणी होय. २०१६ मध्ये आलेल्या ‘व्हल्कन’ या नव्या आज्ञासंचाने भाषांतराचे काम सुकर केले. विंडोजवरील खेळांच्या डायरेक्ट३डी आज्ञांचे व्हल्कनमध्ये रूपांतर ‘डीएक्सव्हीके’ करते, तर ओपनजीएलचे रूपांतर मेसातीलच ‘झिंक’ करते. या सर्वांची आजी म्हणजे १९९३ पासून विकसित होत असलेली ‘वाइन’. ती विंडोजच्या यंत्राची नक्कल करीत नाही. विंडोजच्या ग्रंथालयांतील प्रत्येक क्रिया मुक्त प्रणालीच्या क्रियांतून पुन्हा लिहून देते. वॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये वाइनवर आधारलेले ‘प्रोटॉन’ आणल्यावर असंख्य खेळ लिनक्सवर चालू लागले. जानेवारी २०२४ मधील वाइनच्या ९.० आवृत्तीत थेट वेलँडवर रेखाटण्याची प्रायोगिक सोय आली. विंडोजचे ‘युनिस्क्राइब’ हे जुळणीयंत्रही वाइनमध्ये नव्याने लिहिले गेले आहे. मंगलसारख्या फाँटातील जोडाक्षरे तेथे त्याच्याच आधारे जुळतात.

मराठी मुद्रणव्यवसायात वाइनचा उपयोग जुन्या पानजुळणीच्या धारिका उघडण्यासाठी होऊ शकतो. मात्र काही जुन्या फाँट-आज्ञावली संगणकाला जोडावयाच्या यांत्रिक कुलुपाशी बांधलेल्या असल्याने तेथे हा मार्ग अडतो. शिवाय सुसंगती स्तर आज्ञावलीला जिवंत ठेवतो, मजकुराचे रूपांतर करीत नाही. रोमन घरांत कोंबलेली देवनागरी वाइनखालीही रोमनच राहते. तिला युनिकोडमध्ये आणण्यासाठी त्या त्या फाँटाचा तक्ता हाताशी धरून चालणारी रूपांतरके वापरावी लागतात, आणि त्यानंतरही रफार, ऱ्हस्व इकार व अर्धा र यांच्या जागा माणसाकडून तपासून घ्याव्या लागतात.